गोधडीची ऊब येते कोठून?

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातील गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे ते सातशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे, आणि पौष-माघातील निरभ्र रात्री या पट्ट्यात पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. या थंडीला तोंड देण्यासाठी घरोघरी जे पांघरूण वापरले जाते, ती गोधडी किंवा वाकळ, एका साध्या पण सहसा न विचारल्या जाणाऱ्या कोड्यावर उभी आहे. धुऊन धुऊन विरलेले एक सुती लुगडे अंगावर घेतले तर थंडी भागत नाही. तशी सहा-सात लुगडी एकावर एक घेतली तरी पहाटेपर्यंत त्यांतील निम्मी पायाशी गोळा झालेली असतात आणि उरलेल्यांच्या फटींतून गारवा आत येतो. मात्र तीच सहा-सात वस्त्रे एकत्र शिवली की त्यांचे असे पांघरूण होते की ज्याखाली माणूस रात्रभर उबेत झोपू शकतो. शिवल्याने कापड वाढत नाही, लोकर किंवा कापूस त्यात भरला जात नाही, वजनात भर पडते ती दोऱ्याच्या काही ग्रॅमची. मग ही जास्तीची ऊब येते कोठून?

ऊब कापडाची नव्हे, हवेची

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात पांघरुणापासून नव्हे, तर झोपलेल्या माणसापासून करावी लागते. पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ती निर्माण करते ते शरीर. निवांत झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर पडत असते, त्वचेचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते आणि भोवतीची हवा दहा अंशांवर असेल तर ही उष्णता तीन वाटांनी पळू पाहते. पहिली वाट वहनाची, म्हणजे थंड वस्तूला प्रत्यक्ष चिकटल्याने उष्णता तिच्यात जाण्याची; थंड जमिनीवर झोपल्यावर पाठीला गारठा लागतो तो हिच्यामुळे. दुसरी वाट अभिसरणाची, म्हणजे तापलेली हलकी हवा वर निघून जाऊन तिच्या जागी गार हवा येण्याची. तिसरी वाट प्रारणाची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने उष्णता दूर जाण्याची. हिवाळ्यात जुन्नरच्या पठारावरची हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते, त्यामुळे जमीन आणि अंगणात झोपलेला माणूस या दोघांचीही उष्णता किरणांवाटे थेट आकाशाकडे निघून जाते. राखणीसाठी उघड्यावर झोपलेल्याला अंगावर नुसती एक चादर ओढली तरी जो फरक जाणवतो, त्याचा मोठा भाग ही तिसरी वाट अडल्यामुळे असतो.

पहिल्या दोन वाटा अडवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्थिर हवा. हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. तिच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. मात्र यात ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मोकळी हवा वहनाची वाट अडवते, पण अभिसरणाची वाट स्वतःच उघडते. हवेला अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरपेक्षा अरुंद फटीत कोंडले की तिला फिरायला जागा उरत नाही आणि मग तिचा रोधक गुण पुरेपूर उपयोगी पडतो. सुती कापडाच्या विणीत धाग्याधाग्यांमध्ये आणि धाग्याच्या आत तंतूतंतूंमध्ये इतकी पोकळी असते की कापडाच्या आकारमानाचा निम्म्याहून अधिक भाग हवेचाच असतो. त्यात दोन थरांमधल्या पातळ पोकळ्यांची भर पडते. म्हणजे गोधडी पांघरणारा माणूस खरे तर हवाच पांघरत असतो, आणि कापडाचे काम त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याचे असते.

थर वाढवत नेले की ऊब त्याच प्रमाणात वाढत जाते, असे मात्र नाही. प्रत्येक थर आपल्यापुरता सारखाच रोध करतो, परंतु दोनाचे चार थर केल्यावर उष्णतेची गळती साधारण निम्म्यावर येत असेल, तर ती पुन्हा निम्मी करण्यासाठी चाराचे आठ करावे लागतात. आणि त्या जादा चार थरांनी जी बचत होते ती आधीच्या दोन थरांनी केलेल्या बचतीच्या निम्मीच भरते. शिवाय थर वाढले की वजन वाढते, वरच्या थरांच्या भाराने खालची हवा दाबली जाते आणि सुई आरपार जाणे अवघड होते. गोधडी बहुधा पाच ते आठ थरांच्या आसपास थांबते, त्यामागे हा सगळा हिशेब असतो, तो कोणी कागदावर मांडलेला नसला तरी.

टाका काय साधतो

हवा कोंडण्याचे काम थर करतात, तर मग न शिवलेली सात लुगडीही तेवढीच ऊब का देत नाहीत, हा प्रश्न उरतोच. गोधडीचे मर्म येथे आहे. माणूस झोपेत कूस बदलतो, पाय लांब करतो, हात वर घेतो, आणि अशा प्रत्येक हालचालीबरोबर सुटे थर एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यातील तापलेली हवा कडेने बाहेर ढकलली जाते व तिच्या जागी बाहेरची गार हवा शिरते. थरांमधली हवा अरुंद फटीत असली तरी ती फट रात्रभर उघडझाप करत राहते, म्हणून तिला स्थिर म्हणता येत नाही.

गोधडीवर घातला जातो तो धावदोरा, म्हणजे एकाच दोऱ्याने क्रमाने वर-खाली जाणारा सर्वांत साधा टाका. ओळीने जाणारा हा दोरा सर्व थरांना ठरावीक अंतरावर एकमेकांशी बांधतो. टाक्यांच्या ओळीवर कापड दाबले जाते आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ते किंचित फुगलेले राहते. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर भातशेती करणारा शेतकरी उतारावरून वाहून जाणारे पाणी बांध घालून खाचराखाचरांत अडवतो, तसेच गोधडीतील टाक्यांच्या ओळी हवेला लहान लहान कप्प्यांत अडवतात. बांध जितके जवळ तितके पाणी अधिक स्थिर, आणि बांध जागेचा काही भाग खातात हेही तितकेच खरे. टाके फार विरळ घातले तर थर सरकतात, आणि फार दाट किंवा फार आवळून घातले तर फुगवटाच उरत नाही व गोधडी फळकुटासारखी ताठ होते. सराईत हाताने घातलेल्या टाक्यात दोरा थरांना धरतो, पण चिमटत नाही, आणि वापरलेल्या गोधडीवर जी बारीक सुरकुत्यांची लहरदार नक्षी उमटते ती या मध्यम ताणाची निशाणी असते.

टाक्याचे दुसरे काम उबेशी नव्हे, टिकाऊपणाशी संबंधित आहे. विरलेल्या कापडाचा दोष असा की त्यावर एका जागी ताण आला की ते फाटते आणि एकदा फाटले की चीर पुढे पुढे धावत जाते. हजारो टाक्यांनी सहा-सात थर एकमेकांना जोडले गेले की एका ठिकाणचा ओढा आसपासच्या सर्व टाक्यांवर आणि सर्व थरांवर वाटला जातो. एखाद्या थराला चीर पडली तरी ती पुढच्या ओळीशी अडते, आणि एका थरातील कमजोर जागेखाली दुसऱ्या थरातील धड जागा येण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच अनुभवी बाया दोराही फार चिवट घेत नाहीत. दोरा कापडापेक्षा मजबूत असेल तर ओढ बसल्यावर तो कापड कापतो, आणि कापडापेक्षा थोडा कच्चा असेल तर तो स्वतः तुटतो. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, कापलेले विरलेले कापड मात्र कायमचे गेलेले असते.

धावदोऱ्याचा हा उपयोग केवळ महाराष्ट्राला सुचला असे नाही. सीमाभागापलीकडची कन्नड कौदी, बंगालची कांथा, सिंधमधील रल्ली आणि उत्तर जपानमध्ये ठिगळांवर ठिगळे लावून टिकवलेली ‘बोरो’ वस्त्रे यांची नक्षी, आकार आणि उपयोग निरनिराळे आहेत, पण सर्वांच्या मुळाशी हाच टाका आहे. एकमेकांकडून काही न घेताही जुने कापड आणि थंडी यांची गाठ पडली की माणसे बहुधा याच उपायाशी येऊन पोहोचतात.

चौकट: एका गोधडीचा हिशेब

आकार: २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे एका थराला ३ चौरस मीटर कापड.
कापड: नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. जोड देऊन त्यातून जवळपास तीन थर निघतात. दोन लुगड्यांचे सहा थर, आणि वरचा सातवा थर चिंध्या व कात्रणे जोडून.
वजन: विरलेले सुती कापड चौरस मीटरला ८० ग्रॅम धरले तर सात थरांचे सुमारे पावणेदोन किलो.
टाके: दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास ७५ ओळी, म्हणजे दीडशे मीटर शिवण. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर १५ हजार टाके.
दोरा: थरांच्या जाडीत मुरणारा भाग धरून २०० मीटरच्या आसपास.

जुनेच कापड का?

नवे कापड परवडत नव्हते म्हणून जुने वापरले, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कापड किती महाग असू शकते याची कल्पना नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील लेखावरून येते. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत अशी व्यवस्था केली. महिन्याला २० प्रमाणे वर्षाचे २४० कार्षापण व्याज वीस जणांत वाटले की हा आकडा चोख जुळतो. दहा-वीस माणसांच्या अंगावरच्या कापडासाठी कायमची ठेव ठेवावी लागावी, असा तो काळ होता. हाताने सूत काढणे हे विणण्यापेक्षाही वेळखाऊ काम होते, एका मागावर पुरेल इतके सूत काढायला अनेक हात लागत, आणि अशा कापडाचा तुकडाही टाकून देणे कोणालाच शक्य नव्हते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली आणि पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली तसे लुगडे-धोतर स्वस्त झाले. स्वस्ताईने गोधडी संपली मात्र नाही. उलट घरात जुनी लुगडी अधिक साठू लागल्याने तिला भरपूर कापड मिळू लागले.

पैशाच्या पलीकडचे कारण कापडाच्या गुणात आहे. नव्या सुती कापडाला खळ असते, म्हणजे विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना दिलेला पिठूळ लेप. त्यामुळे कापड ताठ राहते. पहिल्या काही धुण्यांत खळ जाते, कापड आटायचे तेवढे आटते, कच्चा रंग निघून जातो. पुढच्या वर्षांत घासण्याने, आपटण्याने आणि उन्हाने धाग्यांचा पीळ सैल पडतो, तंतूंची टोके पृष्ठभागावर येतात आणि कापडावर न दिसणारी लव तयार होते. ही लव अंगाला मऊ लागते, आणि तिच्यात अडकलेली हवा थराच्या रोधात भर घालते. नवे आणि जुने कापड शेजारी शिवले तर पहिल्या धुण्यात नवे आटते, जुने आटत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर चुण्या पडतात किंवा कमजोर जुने कापड टाक्यावर फाटते. शहरी नजरेला गोधडी ही दारिद्र्याची खूण वाटते. पण नव्या कापडाची मुद्दाम करून घेतलेली गोधडी पहिली काही वर्षे जुन्या कापडाच्या गोधडीपेक्षा कमी सुखाची असते, हे ती विकत घेणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

अंथरण्यापासून शिवण्यापर्यंत

कामाची सुरुवात निवडीने होते. लुगडे उजेडापुढे आडवे धरले की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. नऊवारीत कासोट्याचा आणि बसण्याचा भाग सहसा आधी जातो, पदर आणि काठ पुष्कळ मागे टिकतात. धड भाग वरच्या आणि खालच्या थराला, मधला थर कसलाही चालतो, कारण तो घासला जात नाही. कापड कापण्याऐवजी फाडण्याकडे कल असतो, आणि त्याला आधार आहे. प्रत्येक कापडात लांबीचा ताणा आणि आडवा बाणा असे दोन दिशांचे धागे असतात, आणि सुती कापड फाडले की चीर धाग्याच्या रेषेतच जाते, म्हणजे तुकडा आपोआप सरळ येतो. शिंप्याकडच्या कात्रणांत ही सोय नसते. बगल किंवा गळा कापताना उरलेल्या तुकड्याची कड तिरपी असते, आणि तिरप्या दिशेने कापड रबरासारखे ताणते. असे तुकडे त्यांच्या ताण्या-बाण्याची दिशा न पाहता जोडले तर ठिगळांचा वरचा थर एका कोपऱ्याकडे ओढला जातो व गोधडी कधीच चौकोनी बसत नाही.

खालचा थर, म्हणजे अस्तर, सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवले जातात, त्यावर एकेक थर तळव्याने सपाट करत पसरला जातो आणि सर्वांत वर ठिगळांचा रंगीत थर येतो. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर तात्पुरते बांधले जातात. पक्की शिवण मोठ्या नाकाच्या सुईने होते. शिवणारी स्वतः गोधडीवरच बसते, आपल्या वजनाने थर दाबून धरते आणि सुईवर चार-पाच टाके एकदम घेऊन मग दोरा ओढते.

शिवण कोठून सुरू करावी याबद्दल दोन पद्धती दिसतात. एकीत कडेपासून कडेपर्यंत सरळ ओळी घातल्या जातात, तर दुसरीत कड आधी दुमडून शिवून घेतली जाते आणि टाक्यांच्या ओळी चौकोनात चौकोन अशा आत आत मध्याकडे नेल्या जातात. दुसरी पद्धत दिसायला देखणी, पण कठीण. कडा आधी बांधल्यामुळे थरांतील सगळा सैलपणा हळूहळू मध्याकडे सरकत जातो, आणि हाताने तो दर ओळीला थोडा थोडा विरवला नाही तर शेवटच्या चौकोनात कापडाचा फुगा उभा राहतो. तरीही ती टिकून आहे, कारण गोधडी प्रथम कडेला फाटते. ओढायला, झटकायला, वाळत घालायला हात कडेलाच पडतो. कडेवर जुन्या लुगड्याचा जाड काठ किंवा दुहेरी पट्टी लावण्याचेही कारण तेच.

गोधडी जुनी झाली की तिची सारी शिवण उसवायची गरज नसते. वरचे आणि खालचे कापड विरले तर जुन्या गोधडीलाच मधला थर समजून तिला दोन्ही बाजूंनी नवी वस्त्रे चढवली जातात. जड गोधडीच्या आत आजीच्या लुगड्याची जुनी गोधडी सापडते ती या रीतीमुळे. मात्र येथेही थरांची मर्यादा येतेच. दोनदा-तीनदा कापड चढवले की सुई हटते, दाभण घ्यावे लागते, आणि तशी गोधडी पांघरण्यापेक्षा अंथरण्यालाच बरी पडते.

पाणी, ऊन आणि घटस्थापना

स्थिर हवेवर अवलंबून असलेल्या पांघरुणाचा मुख्य शत्रू पाणी होय, कारण पोकळीतील हवेची जागा पाण्याने घेतली की रोध संपतो. झोपलेल्या माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून रात्रभर वाफ निघत असते. कापूस ही वाफ शोषतो. मध्यम दमट हवेत त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा त्यात सहज मावतो, म्हणून गोधडीखाली घामट वाटत नाही. पण हा ओलावा दिवसभरात बाहेर पडला नाही तर तंतू लोळतात, थर चिकटतात आणि गोधडी जड व गार लागते. सकाळी गोधड्या उन्हात टाकण्याची रीत याच कारणाने उपयोगी आहे. कोरड्या हवेत धुळीतल्या सूक्ष्म किडींचेही फावत नाही.

घटस्थापनेआधी घरातील सर्व गोधड्या नदी-ओढ्यावर किंवा कालव्यावर नेऊन धुण्याची प्रथाही हवामानाला धरून आहे. पावसाळ्यात दमट झालेल्या, वास आलेल्या गोधड्या थंडी सुरू होण्यापूर्वी धुऊन घ्यायच्या, तर भाद्रपद-आश्विनाच्या सांध्यावर वाहते पाणी मुबलक असते आणि कडक ऊनही परतलेले असते. भिजलेली गोधडी कोरड्या गोधडीच्या कित्येक पट जड होते, एकटीला पिळता येत नाही, आणि दोघीजणी दोन टोके धरून पीळ देतात.

पावसात गोधडी निरुपयोगी ठरते हे येथील लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून शेतात आणि मेंढरांमागे जाणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडी असते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही ओली लागत नाही, तिचे कुरळे तंतू दाबले तरी पुन्हा उभे राहतात, आणि तिच्या दाट विणीवरून पावसाचे थेंब बराच वेळ ओघळत राहतात. तिची टोच मात्र उघड्या अंगाला सोसत नाही, बाळाला तर मुळीच नाही. बाळासाठी लहान गोधडी, म्हणजे दुपटे, शिवताना सर्वांत जुने आणि मऊ लुगडे राखून ठेवतात, ते यासाठीच.

नायलॉनची साडी आल्यावर

घरातील साड्या सुती राहिल्या तोवर वरचे सर्व नियम आपोआप पाळले जात. १९७० नंतरच्या काळात नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या गावोगाव पोहोचल्या, आणि गोधडीत जाणाऱ्या कापडाचा स्वभावच बदलला. पॉलिएस्टर वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा शोषत नाही, त्यामुळे अंगाची वाफ कापडातच थांबून पहाटे चिकचिक होते. त्याचे तंतू गुळगुळीत असल्याने थर एकमेकांवरून निसटतात आणि शिवण दाट घालावी लागते. ते विरत नाही, त्यामुळे मऊही होत नाही. आणि शेकोटीची ठिणगी पडली तर सुती कापडाप्रमाणे काळे पडण्याऐवजी वितळून भोक पडते. एकाच गोधडीत दोन्ही प्रकार मिसळले तर सुती ठिगळ दहा-बारा वर्षांत विरते, शेजारचे पॉलिएस्टरचे मात्र जसेच्या तसे राहते, आणि फाटते ते दोघांच्या सांध्यावर.

म्हणून मिश्र कापडाची गोधडी शिवताना काही ठिकाणी केली जाणारी मांडणी शास्त्राला धरून आहे: अंगाकडचा थर आणि मधले थर सुती, आणि कृत्रिम धाग्याची साडी सर्वांत बाहेर, जेथे तिचा चकचकीत रंग दिसतो, धूळ कमी धरते आणि घासणे ती सोसते. बाजारातील यंत्रावर शिवलेल्या गोधड्यांत बऱ्याचदा हा क्रम उलटा असतो, किंवा आत पॉलिएस्टरचा पिंजलेला भराव असतो. असा भराव हलका आणि सुरुवातीला सुती थरांपेक्षा अधिक उबदार असतो हे मान्य करावे लागते. पण यंत्राच्या ओळी दूर दूर असल्याने धुण्याधुण्यात तो कप्प्याच्या एका कडेला गोळा होतो, आणि मोकळ्या राहिलेल्या जागी पांघरणाऱ्याच्या अंगावर नुसती दोन कापडे उरतात.